गुरुवारी बदललेला कॉम्प्युटर

यांची कंपनी चाकणला, त्यामुळे आमच्या घरात रविवारला काही महत्त्व नाही. सुट्टी गुरुवारची. त्या गुरुवारी भाचीचं डोहाळजेवण होतं म्हणून मी सकाळीच कुरुळीला बहिणीकडे गेले. हे म्हणाले, "तू जा, बायकांच्यात मी येऊन काय करू? घरी थोडं काम आहे." कसलं काम ते मी विचारलं नाही. मेंटेनन्सच्या माणसाला सुट्टीच्या दिवशी घरात काहीतरी उघडून बसायची सवय असते. पंखा, मिक्सर, नळ. मला वाटलं, असंच काहीतरी असेल.

संध्याकाळी मोशीच्या चौकात अर्धा तास अडकून दिघीला घरी पोचले, तेव्हा हे कॉम्प्युटरसमोर पाठमोरे बसले होते. मी आत आल्याचं कळूनही वळले नाहीत. लग्नाला तीस वर्षं झाली. यांची पाठ बघून मला पुष्कळ कळतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. नवीन सिस्टीम टाकली." मग म्हणाले, "लिनक्स. मोफत असते ही. लायसन्स नाही, काही नाही."

स्क्रीनवर माझं ओळखीचं काहीच नव्हतं. रंग वेगळा, चित्रं वेगळी, खाली असायची ती पट्टी डाव्या बाजूला उभी.

"आणि माझं टायपिंग?"

"सगळं आहे. आधी पेनड्राइव्हवर काढून घेतलं होतं. एकही फाईल गेली नाही, बघ."

इथे मला माझ्या टायपिंगबद्दल सांगायला हवं. मी परभणीची. बारावीनंतर वडिलांनी टायपिंगच्या क्लासला घातलं आणि लोखंडी मशीनवर बडवून बडवून मी मराठीची मिनिटाला तीस शब्दांची आणि चाळीस शब्दांची, दोन्ही सरकारी परीक्षा पास झाले. लग्न होऊन इथे आले तेव्हा त्या सर्टिफिकेटचा काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. पण मुलीच्या कॉलेजसाठी कॉम्प्युटर घेतला, पुढे ती नोकरीला नाशिकला गेली आणि तो माझ्याकडे आला. क्लासच्या ओळखीतून मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर मिळालं, त्यातल्या बटणांची मांडणी जुन्या टाइपरायटरसारखीच होती. बोटांना नवं काही शिकावं लागलं नाही. गेली आठ वर्षं मी घरी बसून अर्ज, बायोडाटा, पत्रिका, शाळांचे पेपर टाइप करून देते. समोरच्याने वाचत राहावं आणि मी कीबोर्डकडे न बघता टाइप करत राहावं, इतका हात बसलेला.

मी खुर्चीत बसले आणि "शाळा" नावाचं फोल्डर उघडलं. फाईल होत्या खऱ्या. पण त्यातली पहिली उघडली तर आत मराठीचा एक शब्द नव्हता. इंग्रजी अक्षरं, तीही धड नाहीत, कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाच्या पोटाखाली शेपटी, मध्येच पौंडाचं चिन्ह. दुसरी उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे तेच.

"तुमच्या सॉफ्टवेअरचा फॉन्ट यात चालत नाही वाटतं," हे मागून म्हणाले. 'तुमच्या' असं म्हणाले. घाबरले की हे मला अहो-जाहो करतात.

"जुनं परत आणा."

"ते पुसलं गेलं. मी ट्रायलच घेणार होतो. पेनड्राइव्हवरनं नुसतं चालवून बघता येतं, काही न बदलता. पण एका ठिकाणी विचारत होतं, शेजारी टाकू की पुसून टाकू, आणि तिथं बोट चुकलं."

मी बहिणीने बांधून दिलेला डबा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. सोमवारी शाळेच्या बाईंना चौथीचा सहामाहीचा मराठीचा पेपर द्यायचा होता. त्यांनी हाताने लिहिलेली चार पानं टेबलावर पेपरवेटखाली होती. मी पोळ्या केल्या, भाजी गरम केली, वाढलं. जेवताना यांनी दोनदा भाजीचं कौतुक केलं. ती भाजी माझी नव्हती, बहिणीची होती, पण तेही मी सांगितलं नाही.

शुक्रवारी हे पहिल्या शिफ्टला गेले. दहाच्या चहाला फोन आला. मागे मशीनचा आवाज होता.

"जोडीदाराला विचारलं. सेटिंगमध्ये जा, तिथं कीबोर्ड म्हणून असेल, त्यात मराठी घाल. फॉन्ट वगैरे काही लागत नाही म्हणतो, आपोआप उमटतं."

जोडीदार म्हणजे यांच्यासोबत मेंटेनन्समध्येच असलेले एक कोकणातले गृहस्थ. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसतात म्हणून जोडीदार. नव्या सिस्टीमची पेनड्राइव्ह त्यांचीच होती. मी त्यांना मनातल्या मनात चार शब्द ऐकवले आणि सेटिंग उघडलं.

मराठी सापडायला अर्धा तास गेला. पण सापडली आणि मी पहिलं बटण दाबलं तर खरोखरच मराठी अक्षर उमटलं, स्वच्छ, गोल, कुठेही न तुटलेलं. फक्त मला हवं ते नव्हतं. 'क'च्या जागी दुसरंच काही, 'म'च्या जागी तिसरंच. माझी बोटं जिथे जात होती तिथे ती अक्षरं राहतच नव्हती. त्यात पहिल्या वेलांटीने माझा जीव खाल्ला. टाइपरायटरवर ती आधी मारायची आणि अक्षर नंतर. इथे अक्षर आधी, वेलांटी नंतर. बत्तीस वर्षांची सवय. बोट आधी वेलांटीवरच जायचं आणि स्क्रीनवर एक टिंबाटिंबांचं वर्तुळ यायचं, त्याच्या डोक्यावर वेलांटी. जणू कुणी रिकामी जागा सोडलीय, अक्षर येईल म्हणून.

'गटात न बसणारा शब्द ओळखा' एवढं वाक्य टाइप करायला मला पंधरा मिनिटं लागली. चाळीसची परीक्षा पास झालेली बाई मी. डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं की कशाचं ते मला सांगता येणार नाही.

चारच्या सुमाराला हे आले. बूट काढायच्या आधी पिशवीतून एक कागद काढला. कंपनीतल्या रद्दी कागदाच्या कोऱ्या बाजूवर यांनी पट्टीने अख्खा कीबोर्ड आखला होता आणि प्रत्येक चौकोनात अक्षर लिहिलं होतं. डाव्या हाताची बटणं लाल, उजव्या हाताची निळी. वर शिफ्ट दाबल्यावर येणारं, खाली साधं. जेवणाच्या सुट्टीत बसून जोडीदाराच्या मोबाईलवरून उतरवलं होतं. तो कागद यांनी प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घातला आणि बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, भिंतीला, चिकटपट्टीने लावला. कंपनीत प्रत्येक मशीनवर असा एक कागद असतो म्हणे, नव्या ऑपरेटरसाठी.

"यात लॉजिक आहे बघ," हे म्हणाले. "काना, मात्रा, वेलांट्या सगळ्या डाव्या हाताला. अक्षरं उजव्या हाताला. ज्यानं केलंय त्यानं विचार करून केलंय."

मी हं म्हणाले नाही की हूं म्हणाले नाही. पण ते हातपाय धुवायला गेल्यावर कागदाकडे नीट बघितलं. खरंच तसं होतं. क, त, र, प, सगळी नेहमीची अक्षरं उजव्या बोटांखाली ओळीने. उजव्या हाताने अक्षर मारायचं, डाव्याने त्याला काना-मात्रा द्यायची. एक हात, मग दुसरा हात. पोळी लाटताना जसं होतं तसं काहीतरी. मला ते पटलं. यांना मात्र सांगितलं नाही.

शनिवारी दीड पान झालं आणि मी 'दुसऱ्या' या शब्दाशी अडकले. 'सरिताने आईला दुसऱ्या दिवशी काय विचारले?' असा प्रश्न होता. टाइप केलं की 'दुसर्या' असं यायचं, र वर उडून बसायचा, जसा तो सूर्याच्या डोक्यावर असतो. मराठीत असं चालत नाही. दुसऱ्यातला र आडवा हवा, बारीक, य ला चिकटलेला. टाइपरायटरवर त्याला स्वतःचं बटण होतं. पेपरात पुढे 'पायऱ्या' होत्या, 'शेतकऱ्याचा' होता, 'वाऱ्यावर' होतं. चौथीच्या पोरांच्या हातात मी 'दुसर्या' देणार नव्हते. त्यापेक्षा बाईंना सांगितलं असतं, दुसरीकडून करून घ्या.

यांच्या कागदावर त्या र चा पत्ता नव्हता. मग मी एकेक बटण शिफ्ट दाबून, न दाबता, जोडून, तोडून बघायला लागले. एका कोऱ्या कागदावर खुणा करत गेले. र च्याच बटणावर शिफ्ट दाबली तर एक र आला, खाली टिंब असलेला. हा मराठीत कुठे असतो, असं म्हणत पुढे जाणार होते, पण सहज त्याचा पाय मोडला आणि य जोडला.

"अहो!"

हे स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. शुक्रवारपासून भाजी निवडणं, भांडी लावणं सगळं न सांगता चाललं होतं. तसेच ओल्या हाताने धावत आले. त्यांना वाटलं शॉक बसला.

"सापडला!"

"काय?"

"दुसऱ्यातला र!"

यांनी वाकून स्क्रीनकडे बघितलं. दुसऱ्या. मग माझ्याकडे बघितलं. खूप दिवस बंद पडलेली मशीन सुरू झाल्यावर माणसं बघतात तसं. आणि मग खिशातलं पेन काढून भिंतीवरच्या कव्हरमधून कागद बाहेर काढला, र च्या चौकोनात वर रिकाम्या राहिलेल्या जागेत तो टिंबवाला र लिहिला आणि कागद परत जागेवर लावला. गुरुवारनंतर आमचं दोन्ही बाजूंनी झालेलं ते पहिलं बोलणं.

रविवारी पेपर पूर्ण झाला. प्रिंटरची मला धास्ती होती, कारण आधी तो सुरू करायला सीडी लागायची आणि ती सीडी कधीच हरवली होती. मी वायर लावली आणि सिस्टीमने स्वतःच सांगितलं, प्रिंटर तयार आहे. दोन पानं बाहेर आली. मी ती खिडकीपाशी नेऊन शब्दन् शब्द तपासला.

सोमवारी बाई आल्या, पानं घेतली, ठीक आहे म्हणाल्या. त्यांना काही कळलंच नाही. या दोन पानांत माझे तीन दिवस गेलेत हे कुणाच्या लक्षात येऊ नये असंच मला वाटत होतं, आणि तसं झालं तर थोडं वाईटही वाटलं. "एक मोबाईलवर पण पाठवून ठेवा हो ताई," असं म्हणून त्या गेल्या. मी पाठवलं.

तासाभराने त्यांचा फोन. "ताई, या वेळी काय केलंत? मागच्या वेळी मोबाईलवर नुसते चौकोन यायचे. आज सगळं उघडलं. मी सहावा प्रश्न इथल्या इथेच दुरुस्त पण केला."

मला त्याचा अर्थ लगेच कळला नाही. हळूहळू कळला. आधी मी टाइप केलेलं फक्त माझ्या कॉम्प्युटरवर किंवा कागदावर वाचता यायचं. दुसरीकडे नेलं की त्याचा कचरा व्हायचा, त्या गुरुवारी माझ्याच फाईलींचा झाला तसा. आता जे टाइप करीन ते कुठेही जसंच्या तसं दिसत होतं. पुढे विहाराच्या कमिटीतले एक काका कार्यक्रमाची पत्रिका करायला आले. "जयभीम ताई, जरा अर्जंट आहे," म्हणाले. मी टाइप करून तिथेच त्यांच्या मोबाईलवर पाठवली. त्यांनी ती माझ्या दारात उभं राहून ग्रुपवर टाकली आणि जिना उतरायच्या आत कुणाचं तरी नाव राहिल्याचा मेसेज आला. काका परत वर आले. आम्ही दोघं हसलो.

तरी हे अधूनमधून विचारायचे, "जुनी सिस्टीम परत टाकून आणू का दुकानातून?" मी नको म्हणायचे. एक तर कॉम्प्युटर खरंच पळायला लागला होता. आधी सुरू करून मी कुकर लावून यायचे, तरी स्क्रीनवर चक्र फिरतच असायचं. आणि दुसरं, मी एवढं शिकले होते ते वाया घालवायची माझी तयारी नव्हती. जुन्या फाईलींचंही जमलं. भोसरीतल्या एका झेरॉक्सवाल्याकडून फॉन्ट मिळाला, तो घातल्यावर टोप्यांची मराठी झाली. त्या वाचता यायला लागल्या, छापता यायला लागल्या. बदल करायचा असला तर मात्र नव्याने टाइप करावं लागे. तेवढं मी करत गेले.

दोन-अडीच महिन्यांनी जोडीदार आणि त्यांच्या मिसेस एका गुरुवारी आमच्याकडे जेवायला आले. तोपर्यंत माझा त्यांच्यावरचा राग निवळला होता. जेवण झाल्यावर ते कॉम्प्युटरपाशी बसले आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्यासाठी एक आणलंय. तुमच्या टाइपरायटरची मांडणी आहे ना, ती पण यात घालता येते. मला कालच कळलं." त्यांनी ती घातली. मी बसले. बोटं आपोआप जुन्या जागी गेली आणि मधेच थबकली. वेलांटी आधी की नंतर, तेच त्यांना ठरवता येईना. एका ओळीत चार चुका झाल्या. मी उठले आणि म्हणाले, "राहू दे भावजी. आता हीच बरी."

ते हसले आणि यांच्याकडे बघून म्हणाले, "बघ भावा, मी तेव्हाच सांगत होतो. आधी विचारलं असतंस तर वहिनी कध्धी हो म्हणाल्या नसत्या. पुसून टाकलंस तेच बरं केलंस."

हे खिडकीबाहेर बघायला लागले. मिसेसनी आपल्या नवऱ्याच्या गुडघ्यावर हात मारला, पण शब्द बाहेर पडून गेले होते.

पाहुणे जाईपर्यंत मी थांबले. मग विचारलं, "बोट चुकलं नव्हतं?"

"नाही."

"मुद्दाम दाबलंत."

"हो."

"कंपनीत ऑपरेटरला न विचारता तुम्ही त्याच्या मशीनचं सेटिंग बदलता?"

"नाही."

"का नाही बदलत?"

"शिव्या घालतो तो. आणि बरोबर असतं त्याचं. दिवसभर मशीनवर उभा तो असतो."

"मग?"

हे पलंगाच्या कडेवर बसले. "कॉम्प्युटर सारखा अडकतो म्हणून तू कामं परत पाठवायला लागली होतीस. पत्रिकावाल्याला नाही म्हणालीस, त्या वकिलांना नाही म्हणालीस. दुकानवाला म्हणतो नवा घ्या, तू म्हणतेस कशाला, माझं काय एवढं मोठं काम आहे. एक दिवस मी आलो तर कॉम्प्युटर अडकलेला आणि तू त्याच्यासमोर हात मांडीवर घेऊन नुसती बसलेली. कधीपासनं बसली होतीस कुणास ठाऊक. मला ते बघवलं नाही."

मला तो दिवस आठवत नव्हता. तसे बरेच दिवस होते.

"ते खरं," मी म्हणाले. "पण मला विचारायला हवं होतं. मी नाही म्हणाले असते, भांडले असते, पण विचारायला हवं होतं."

"चुकलं माझं," हे म्हणाले. लाजून नाही, सारवासारव करत नाही. सरळ.

मग मला एकदम सुचलं. दिघीहून यांच्या कंपनीत जाणारे अठरा जण आहेत आणि बस लांबच्या चौकात थांबते, ती अलीकडे थांबावी म्हणून ते कंपनीला अर्ज देणार होते. अर्ज अर्थातच माझ्याकडे यायचा होता. मी कॉम्प्युटर सुरू केला आणि खुर्ची मागे ओढली.

"बसा. अर्ज तुम्ही टाइप करायचा."

"मी?"

"कागद भिंतीवर आहे. तुम्हीच काढलाय."

हे बसले. दोन्ही हातांची पहिली बोटं वर धरून, लोखंडात भोक पाडायला निघाल्यासारखे. 'मा. व्यवस्थापक' लिहायला किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. मी शेजारी स्टुलावर बसून शेंगा सोलत होते. पहिली वेलांटी आली की हे थांबायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचे, "आधी अक्षर." एकदा म्हणाले, "तू हे तीन दिवसात शिकलीस?" मी शेंगा सोलत राहिले.

अर्ज दोन संध्याकाळी चालला. दुसऱ्या दिवशी यांनी तो स्वतःच छापला आणि घडी न पडता कंपनीत नेता यावा म्हणून वहीत घालून नेला. सगळ्यांच्या सह्या घेऊन परत आणला तेव्हा मी पहिल्यांदा नीट वाचला. शेवटी 'आपले विश्वासू' च्या जागी 'आपले विश्वसू' झालं होतं. एक काना राहिला होता. त्याखाली अठरा सह्या होत्या, वेगवेगळ्या पेनांनी केलेल्या, एकीला ग्रीसचं बोट लागलेलं.

माझ्या हातून गेलेल्या कागदात अशी चूक मी कधी सोडलेली नाही. हे समोर उभे होते. "ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणाले आणि कागद परत त्यांच्या वहीत ठेवला.

पुढच्या महिन्यापासून बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायला लागली.